शिंपल्यांची शेती आणि पाण्याचा सातबारा

आमच्या घरी फडताळात एक शिंपली असायची. प्रकाश्याला तापीच्या पात्रात कधीतरी सापडलेली, तळहाताएवढी. बाहेरून काळपट हिरवी, आतून दुधावर साय धरावी तशी चमक. सहाणेवर उगाळलेली गुटी आजी त्या शिंपलीतून बाळांच्या तोंडात सोडायची. वर्षानुवर्षं वापरून तिची कड इतकी झिजली होती की बाळाच्या ओठाला ती लागायचीही नाही. दुसरी एक होती, पाठ दगडावर घासून भोक पाडलेली. ती उन्हाळ्यात बाहेर निघायची, कैऱ्या सोलायला.

खानदेशातल्या बहुतेक घरांचा शिंपल्याशी संबंध एवढाच. समुद्र आपल्यापासून लांब. आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील येतात, तेवढीच त्याची खबर. त्यामुळे ‘शिंपल्यांची शेती’ म्हटलं की माणसं आधी विचारतात, “आपलामा समुद्र कठे शे, भाऊ?”

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, आणि सुट्टीच्या दिवशी तापीवरच्या उकाई धरणाच्या फुगवट्यावरच्या मच्छीमारांकडे जाणं-येणं असतं. गेल्या हिवाळ्यात नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर बैठक होती. एका कंपनीचा माणूस मोत्यांच्या शेतीची योजना घेऊन येऊन गेला होता. छोट्याशा टाकीत शिंपले सोडा, दीड वर्षात लाखात कमवा, मोती आम्हीच विकत घेऊ, नोंदणीचे पैसे मात्र आधी भरा. तिघांनी भरलेही होते. त्यांची पावती पाहिली तर तिच्यावर पत्ता नव्हता. बाकीच्यांना भरावे की नाही ते कळत नव्हतं, म्हणून मला बोलावलेलं. मी कागद वाचत होतो तेवढ्यात मागे बसलेल्या एका मावशींनी विचारलं, “सर, त्या शिंपल्याला खायला काय घालायचं?”

गेली काही वर्षं या मावशी धरणात पिंजऱ्यातले मासे सांभाळतात. खाद्याच्या गोणीचा भाव त्यांना तोंडपाठ आहे, कारण पिंजऱ्यातल्या माशांच्या खर्चात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यावरच जातो. त्यांचा प्रश्न ऐकला आणि वाटलं, समजावायला सुरुवात इथूनच करावी.

खायला काही घालायचं नाही

शिंपल्याला खायला काहीच घालावं लागत नाही. तो पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरून फिरवतो, त्यातले डोळ्यांना न दिसणारे शेवाळाचे कण आणि सेंद्रिय कण गाळून घेतो आणि उरलेलं पाणी बाहेर सोडतो. दिवसभर त्याचं हेच चाललेलं असतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं कालव, म्हणजे ऑयस्टर, परिस्थिती चांगली असेल तर दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. आपल्या हिशेबात बारा-तेरा हंडे. हाताच्या मुठीत मावणारा जीव एका घराचं दिवसाचं पाणी गाळून काढतो.

ज्याच्याकडे भांडवल नाही त्याला ही शेती परवडते, ती याच कारणामुळे. गोणी नाही, औषध नाही, विजेची मोटर नाही. लागतात ते बांबू, दोर, बियाणं आणि राबणारे हात. जगभरात किनाऱ्यावरच्या आदिवासी समाजांबरोबर काही उभं करायचं म्हटलं की शिंपल्यांचं नाव पहिल्या दोन-तीनांत येतं, त्याचंही कारण हेच. शिवाय या माणसांना शिंपला नवा नसतो. ओहोटीला खडकांत उतरून शिंपले वेचणं हे बहुतेक ठिकाणी बायकांचं आणि पोरांचं पिढ्यानपिढ्यांचं काम आहे. आपल्या कोकणातही कालवं फोडणाऱ्या, तिसऱ्या नावाचे शिंपले वेचणाऱ्या बायकाच.

आता पद्धत सांगतो. केरळच्या उत्तर टोकाला, कासरगोड जिल्ह्यात पडन्ना आणि चेरुवत्तूर या भागात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बायकांच्या बचत गटांनी हिरव्या शिंपल्यांची शेती केली. कोकण-गोव्याकडे या जातीला शिनाणे म्हणतात. मूळ तंत्र कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात बसवलेलं. खाडीच्या उथळ, शांत पाण्यात बांबू रोवायचे, वर आडवे बांबू बांधून मांडव करायचा. द्राक्षाचा मांडव डोळ्यांपुढे आणा, फक्त वेली वर चढण्याऐवजी खाली पाण्यात लोंबतात.

त्या वेली म्हणजे दोर. नोव्हेंबर-डिसेंबरात समुद्रातल्या खडकांवरून बोटाच्या पेराएवढी शिंपल्यांची पिलं खरवडून आणतात. दोराभोवती ती सारखी पसरतात आणि वरून जुन्या मच्छरदाणीसारखं सुती कापड गुंडाळून शिवून टाकतात. शिंपल्याला एक पाय असतो आणि त्या पायातून तो रेशमासारखे चिवट धागे सोडतो. दोन-तीन दिवसांत तो त्या धाग्यांनी दोराला घट्ट धरतो. तोवर पाण्यात कापड कुजून गळून पडतं, आणि दोर शिंपल्यांनी मढलेला उरतो. पाच-सहा महिन्यांत बोटाच्या पेराएवढं पिलू सात-आठ सेंटिमीटरचं होतं. पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये, सगळे दोर वर काढायचे. कारण पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी लोटतं, खारटपणा उतरतो आणि हा शिंपला तगत नाही. म्हणजे पेरणी हिवाळ्याच्या तोंडाला, काढणी रोहिणीच्या आधी. आपल्या रब्बीच्या थोडी पुढेमागे.

महाराष्ट्रातही हे होतं. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने चाललेल्या किनारी जैवविविधतेच्या प्रकल्पात, आणि नंतर राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत, गावातल्या गटांना शिनाणे, कालवं आणि खेकडे पाळायला मदत दिली गेली. त्यामागचा विचार मला पटतो: खाडीतलं कांदळवन राखणाऱ्या गावाला त्याच खाडीतून चार पैसे मिळावेत.

मावशींना दोराचं सांगितलं तेव्हा त्यांनी कापड विरघळण्याची गोष्ट दोनदा विचारून घेतली. मग म्हणाल्या, “आणि पिलं कुणाकडून घ्यायची?”

बियाणं

जळगावच्या केळीवाल्याला बियाण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. कंद घरचा होता तोवर तो मोकळा होता. टिश्यू कल्चरची रोपं आली, उत्पन्न वाढलं, आणि रोपांसाठी प्रयोगशाळेच्या दारात जाणं आलं. शिंपल्यांतही तसेच दोन रस्ते आहेत. एक, खडकांवरची रानातली पिलं आणणं. ती फुकट, पण मोजकी. सगळ्यांनीच खरवडली तर पुढच्या वर्षी खडक उघडे पडतात, आणि त्या खडकांवर पोट भरणारे जुने मच्छीमार आणि नवे शेतकरी यांच्यात भांडण लागतं. दुसरा रस्ता म्हणजे बीज केंद्र. तिथे नर-मादीकडून अंडी-शुक्र सोडवून घेतात, अळ्या शेवाळाच्या पाण्यावर वाढवतात. या अळ्या दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग बसायला जागा शोधतात. एकदा बसलं की कालव आयुष्यभर तिथून हलत नाही.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, लमी नावाच्या आदिवासी राष्ट्राने १९७० च्या दशकातच स्वतःचं बीज केंद्र उभं केलं. आजही ते कालवं आणि शिंपल्यांचं बियाणं तयार करतं, स्वतःच्या किनाऱ्यावर पेरतं आणि इतरांना विकतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. बियाणं ज्याच्या हातात, हंगाम कधी सुरू करायचा हे त्याच्या हातात.

बीज केंद्रंही आता पूर्वीसारखी निर्धास्त नाहीत. २००७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याच किनारपट्टीवरच्या बीज केंद्रांत कालवांच्या अळ्या कोट्यवधींनी मेल्या. आधी रोगाचा संशय घेतला, पण कारण पाण्यातच निघालं. आपण कोळसा आणि तेल जाळून जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो त्यातला मोठा वाटा समुद्र शोषतो आणि त्याचं पाणी आम्लाकडे सरकतं. खोल समुद्रातलं असं पाणी वर आलं की नुकत्या जन्मलेल्या अळीला कवचच बांधता येत नाही. चुना बसतो त्याआधी विरघळतो. तिथल्या केंद्रांनी मग पाण्याची सतत मोजणी सुरू केली आणि टाकीत सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, घालून पाणी सावरलं. टाकीत हा उपाय चालतो. समुद्रात कुठून घालणार?

जे गाळतं ते साठवतंही

शिंपला पाणी गाळतो हा त्याचा मोठा गुण, आणि धोकाही त्यातच. पाण्यात मैला असेल तर त्याच्यातले जंतू त्याच्या अंगात गोळा होतात. म्हणून चांगल्या ठिकाणी काढलेले शिंपले विकण्याआधी एक-दोन दिवस स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या वाहत्या समुद्रपाण्यात ठेवतात, म्हणजे ते आतली घाण बाहेर टाकतात.

विषाचं मात्र तसं नाही. काही सूक्ष्म शेवाळं सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. शिंपला ते खातो, त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, पण खाणाऱ्या माणसाचे ओठ बधिर होतात, हातपाय लुळे पडतात आणि श्वास थांबून मृत्यूही येऊ शकतो. शिजवून हे विष जात नाही. वासावरून, चवीवरून कळत नाही. बटर क्लॅम नावाचा शिंपला तर ते दोन वर्षांपर्यंत अंगात धरून ठेवू शकतो. अमेरिकेत ठरवलेली मर्यादा आहे १०० ग्रॅम मांसात ८० मायक्रोग्रॅम. त्यावर गेलं की काढणी बंद.

प्रश्न असा येतो की मोजायचं कुणी? अलास्काच्या आग्नेय भागात लहान-लहान आदिवासी गावं बेटांवर विखुरलेली आहेत. शिंपले हे त्यांचं रोजचं अन्न. सरकारी तपासणी व्हायची ती मुख्यतः विक्रीच्या मालाची. घरी खाण्यासाठी वेचणाऱ्या बाईला तिच्या किनाऱ्यावर आज विष आहे की नाही हे सांगणारं कुणी नव्हतं. मग सिटका जमातीने पुढाकार घेऊन इतर जमातींबरोबर जाळं उभारलं आणि स्वतःची प्रयोगशाळा काढली. गावोगावची माणसं ठरलेल्या दिवशी पाणी आणि शिंपले गोळा करून पाठवतात, निकाल सगळ्यांना कळतो. किनारा तोच, वेचणाऱ्या बायका त्याच, पण आता भीतीच्या जागी त्यांच्या हातात निकालाचा कागद आहे.

इथे आपलाही संबंध येतो. मुलताईहून निघालेली तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या खाली समुद्राला मिळते, आणि त्या वाटेत ती जळगाव, धुळे, नंदुरबारचं सगळं धुणं घेऊन जाते. केळीला आणि कपाशीला टाकलेल्या युरियाचा पिकाने न घेतलेला भाग, गावांची गटारं, कारखान्यांचं पाणी. नत्र वाढलं की शेवाळ माजतं, आणि माजलेल्या शेवाळात कधी विषारी जात असते. खाडीतल्या शिंपल्याने काय गाळायचं हे वरच्या शिवारांतूनही ठरतं.

समुद्रातला फड

आता त्या भागाकडे येतो ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो.

पांझरेकाठचा फड ज्याने पाहिला असेल त्याला ही गोष्ट लगेच कळेल. नदीत दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि शिवाराचे वाटे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी पाटकरी देणार, राखण जागल्या करणार. पाणी कमी पडलं तर एकट्या-दुकट्याचं बुडत नाही, झळ सगळ्यांनी वाटून घ्यायची. कित्येक शतकं साक्री-धुळ्याकडे ही व्यवस्था गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी चालवली. बंधाऱ्याच्या दगडाइतकाच तिथला नियमही पक्का होता.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि त्याला लागून असलेल्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदिवासींनी समुद्रात असाच बांध घातला. सगळ्यात खालच्या ओहोटीच्या रेषेवर, वर्षातून मोजके दिवस उघड्या पडणाऱ्या जागी, त्यांनी गोटे लोटून लांबच लांब बुटक्या भिंती रचल्या. भरती-ओहोटीने येणारी वाळू आणि शिंपांचा चुरा भिंतीमागे साठत गेला. तिरका किनारा सपाट झाला. शिंपल्यांना ज्या उंचीवर राहायला आवडतं तेवढा पट्टा रुंदावला. उताराच्या वावराला ताल घालून पाणी-माती अडवतात तसंच. दर वर्षी शिंपले काढताना वाळू उकरली जायची, मोठे गोटे वेचून भिंतीवर टाकले जायचे, म्हणजे खुरपणी आणि बांधबंदिस्ती एकाच वेळी. अशा जागांना आता क्लॅम गार्डन म्हणतात. कॅनडातल्या क्वाड्रा बेटावरच्या काही भिंती किमान ३,५०० वर्षं जुन्या निघाल्या. शास्त्रज्ञांनी मोजलं तेव्हा भिंत असलेल्या किनाऱ्यावर साध्या किनाऱ्याच्या तुलनेत एका जातीचे शिंपले दुप्पट आणि दुसऱ्या जातीचे चौपट सापडले.

बाहेरून आलेल्यांना या भिंती दिसल्या, पण त्यांना ते वावर वाटलं नाही. त्यांच्या लेखी तो नुसता समुद्रकिनारा होता, मोकळा पडलेला. जे नांगरलेलं दिसत नाही ते कुणाचंच नाही, हा समज जगभर आदिवासींना नडला. सातपुड्यातल्या माणसाला हे मी वेगळं समजवायला नको.

वॉशिंग्टनमध्ये पुढे काय झालं ते तपशिलाने सांगण्यासारखं आहे. १८५४-५५ मध्ये तिथल्या जमातींनी सरकारशी करार केले. जमीन दिली, पण नेहमीच्या जागी मासे आणि शिंपले काढण्याचा हक्क राखून ठेवला. करारात एक अट घातलेली होती: नागरिकांनी खुंट्या ठोकून आखलेल्या किंवा लागवड केलेल्या जागेतून त्यांनी शिंपले काढायचे नाहीत. १८९५ मध्ये राज्याने कायदे करून ओहोटीच्या जमिनी शिंपल्यांच्या शेतीसाठी खासगी लोकांना विकायला काढल्या. आता खुंट्या सगळीकडे ठोकल्या गेल्या आणि ज्यांच्या आज्या तिथे वेचत होत्या त्या बायका चोर ठरल्या. १९७४ मध्ये न्यायमूर्ती बोल्ट यांनी माशांच्या बाबतीत जमातींचा निम्मा वाटा मान्य केला. शिंपल्यांसाठी आणखी वीस वर्षं गेली. १९९४ मध्ये न्यायमूर्ती रफीडी यांनी निकाल दिला की नैसर्गिकपणे वाढणाऱ्या शिंपल्यांतही निम्मा वाटा जमातींचा, आणि खासगी किनाऱ्यावरही तो लागू. माणसाने मुद्दाम पेरलेलं पीक मात्र पेरणाऱ्याचं. १८५५ ते १९९४ म्हणजे जवळजवळ एकशेचाळीस वर्षं.

हक्क हातात आल्यावर जमातींनी स्वतःचे जीवशास्त्रज्ञ नेमले, किनारे मोजले, काढणीचे नियम केले. २०२२ मध्ये स्विनोमिश जमातीने किकेट बेटावर पुन्हा एक क्लॅम गार्डन रचलं, आधुनिक काळातलं अमेरिकेतलं पहिलं. माणसांनी हातोहात दगड पुढे दिले. काही दगड तर दोन माणसांना मिळून उचलावे लागत होते.

न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. तिथले माओरी १८४० च्या वैतांगीच्या तहाचा आधार घेऊन भांडत होते. २००४ मध्ये कायदा झाला: सप्टेंबर १९९२ नंतर समुद्रात मत्स्यशेतीसाठी जी जागा दिली गेली आणि पुढे दिली जाईल, तिच्या २० टक्के जागेइतका वाटा माओरी जमातींचा. ओपोटिकी या लहान गावासमोर खुल्या समुद्रात फाकातोहेआ जमातीच्या पुढाकाराने शिंपल्यांची मोठी शेती उभी राहिली, आणि सोलून-निवडून पॅक करण्याचा कारखानाही गावातच. नुसता कच्चा माल विकला असता तर रोजगार बंदराच्या शहरात गेला असता.

माशाला पळता येतं, त्यामुळे त्याच्या मालकीचा वाद धूसर राहतो. शिंपला जागचा हलत नाही. म्हणून जागा ज्याची, पीक त्याचं. दोर, बांबू, बियाणं ही कामं सहा महिन्यांत शिकता येतात. पाण्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे हे ठरलेलं नसेल, तर शिकलेलं सगळं दुसऱ्याच्या नफ्याला जातं.

आपल्या गोड्या पाण्यात

उकाईचं धरण १९७२ मध्ये पूर्ण झालं. भिंत गुजरातेत, पण फुगवटा नवापूर-नंदुरबारपर्यंत. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदा आणि तापी, दोन्हीकडे बुडाली ती मुख्यतः आदिवासींची जमीन. आज त्याच पाण्यावर त्यांची मुलं जाळं टाकतात, पिंजरे बांधतात, पाणी उतरलं की गाळपेर करतात. म्हणजे आपल्याकडे समुद्र नसला तरी किनारा आहे, आणि किनाऱ्यावर कोण उभं आहे तेही माहीत आहे.

इथे शिनाणे येणार नाहीत, त्यांना खारं पाणी लागतं. आपल्याकडे काय आहे? एक म्हणजे झिंगा. गोड्या पाण्यातला मोठा झिंगा वाढतो नदीत, पण त्याच्या अळ्यांना निमखारं पाणी लागतं. मादी अंडी घेऊन खाडीकडे जाते, पिलं पुन्हा वर चढतात. काकरापार आणि उकाईच्या भिंतींनी ही वाट बंद झाली. म्हणून फुगवट्यात झिंगा वाढवायचा तर बियाणं बीज केंद्रातूनच आणावं लागतं, दर वर्षी. मावशींचा दुसरा प्रश्न पुन्हा समोर येतो.

दुसरी आहे ती आजीची शिंपली. तिचं बालपण समुद्रातल्या शिंपल्यांपेक्षा निराळं असतं. तिची अळी माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटते, काही दिवस माशाच्या अंगावर काढते, मग तळाशी पडून स्वतंत्र होते. म्हणजे नदीत मासा नसेल तर शिंपलीही नाही. प्रकाश्याच्या वाळूत ती आता पूर्वीसारखी दिसत नाही, आणि मला दर वेळी वाटतं की वाळू उपसा, बंधारे आणि कमी झालेले मासे या तिन्हींचा त्यात हात असणार.

मोत्यांच्या शेतीला हीच शिंपली वापरतात. ती शेती खोटी नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने त्याचं तंत्र बसवलं आहे, प्रशिक्षणही तिथे मिळतं. शिंपलीचं तोंड जपून किंचित उघडायचं आणि आत लहानसा मणी किंवा साचा बसवायचा. मग काही दिवस देखरेखीखाली ठेवून जाळीच्या पिशव्यांत पाण्यात टांगायचं. वर्ष-दीड वर्षात मण्यावर चमकदार थर चढतो. पण काही शिंपल्या शस्त्रक्रियेनंतर मरतात, काही मणी बाहेर टाकतात, काहींवर थर नीट बसत नाही. विकण्याजोगा मोती किती शिंपल्यांतून निघेल हे आधी कुणी छातीठोक सांगू शकत नाही. शिवाय टाकीत सोडलेल्या शिंपल्या बहुतेक वेळा कुठल्यातरी नदीतून किंवा तळ्यातून वेचलेल्या असतात, आणि तळहाताएवढी व्हायला शिंपलीला काही वर्षं लागतात. शंभर टाक्या भरायच्या म्हणजे एक नदी रिकामी करायची.

म्हणून बैठकीत मी एवढंच सांगितलं. जो माणूस शिंपला, टाकी, प्रशिक्षण आणि खरेदी चारही गोष्टी स्वतःच देतो म्हणतो आणि पैसे आधी मागतो, त्याच्याकडून लेखी करार मागा. त्याने याआधी ज्यांचे मोती विकत घेतले त्यांच्या घरी जाऊन या. ज्या तिघांनी पैसे भरले होते त्यांना एका ओळखीच्या वकिलाकडे नेलं. पैसे अजून परत आलेले नाहीत.

हक्काचं बोलायचं तर कायद्यात दारं आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या कायद्यानुसार, अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलाशयांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायचं आहे, आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न स्पष्ट लिहिलेलं आहे. अडचण ही की उकाईसारखं धरण लहान जलाशयात बसत नाही. तिथे मासेमारी सहकारी संस्थांच्या ठेक्यावर चालते, आणि संस्था कागदावर आदिवासींची असली तरी जाळी, बर्फ आणि गाडी व्यापाऱ्याची असेल तर भाव तोच ठरवतो. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जमातींना आणि महिलांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, इतरांना ४० टक्के. उरलेले ४० टक्के उभे करायला जो पैसे देतो, त्याच्याच नावावर पुढे माल जातो, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलं आहे. बचत गटांना बँकेचं कर्ज वेळेवर मिळणं म्हणून अनुदानाइतकंच निकडीचं आहे.

सुरुवात करायची तर मी गावतळ्यापासून करा म्हणेन. ते लहान आहे, पेसाच्या चौकटीत बसतं, पाणी ग्रामसभेच्या नजरेसमोर असतं. आधी पाणी तपासून घ्या. तळ्यात शिंपल्या किती आहेत ते उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मोजा. किती वेचायच्या, किती ठेवायच्या, कोणत्या महिन्यांत हात लावायचा नाही, राखण कोण करणार, हे ग्रामसभेत लिहून घ्या. फडावर पाटकरी आणि जागल्या होते, तसं तळ्यावर कोण, हेही त्याच कागदावर.

मावशींनी त्यांच्या पाड्यावरचं तळं फेब्रुवारीत मोजलं. पाच बायका, दोन पोरं आणि एक सुंभाचा दोर. काठापासून गुडघाभर पाण्यापर्यंत पायांनी चाचपत त्या चालल्या, शिंपली पायाला लागली की वाकून उचलायची, दोराच्या गाठीशी धरून लांबी बघायची आणि परत तिथेच ठेवायची. मोठ्या एकेचाळीस निघाल्या. लहान किती ते पुढच्या खेपेला, म्हणाल्या, तेव्हा पाणी आणखी उतरलेलं असेल.